सार्वजनिक जागेतला धोका दूर करून घ्यायचा कसा: पहिल्या तासापासून काम तपासून घेण्यापर्यंत

रस्त्यातल्या चेंबरचं झाकण गेलेलं असतं, पथदिव्याच्या खांबाची पेटी उघडी असते, शाळेच्या भिंतीतून पिंपळ वर आलेला असतो. गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी कळवलंच असेल. बहुतेक वेळा कुणीतरी कळवलेलंही असतं. पण ते तोंडी असतं, भलत्याच कार्यालयात असतं, किंवा अर्ज असा असतो की तो हातात घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला नेमकं कुठे जायचं आणि काय करायचं हेच त्यातून कळत नाही.

महाराष्ट्रातल्या महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीकडून असं काम करून घेताना एक गोष्ट पक्की धरावी. धोका आज थांबवणं हे एक काम आहे आणि वस्तू कायमची दुरुस्त करणं हे दुसरं. पहिल्याला अंदाजपत्रक लागत नाही, निविदा लागत नाही. माणूस, बॅरिकेड आणि एका अधिकाऱ्याचा निर्णय पुरतो. दुसऱ्याला मंजुरी आणि निधी लागतो, म्हणजे वेळ लागतो. अर्जात दोन्हींची गल्लत झाली की ‘प्रस्ताव पाठवला आहे’ हे दुसऱ्या कामाचं उत्तर पहिल्यालाही मिळतं, आणि खड्डा महिनाभर उघडा राहतो. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

पहिला तास

आधी जागा राखायची. उघड्या चेंबरात झाडाची फांदी खोचून ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते, पण ती फसवी आहे. रात्री फांदी दिसत नाही, दुचाकीस्वाराला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि पावसाच्या पाण्यात ती आत जाऊन लाइन तुंबवते. त्यापेक्षा चेंबरच्या चारही बाजूंना ड्रम, बाकडी किंवा बांबू लावून दोरी बांधा आणि तिच्यावर चमकणारी पट्टी किंवा पांढरं कापड लावा. वाहनं ज्या बाजूने येतात तिकडे पंधरा-वीस मीटर आधी आणखी एक अडथळा ठेवा. लुकलुकणारा बॅटरीचा दिवा मिळाला तर उत्तमच. मोठे दगड मांडू नका. झाकण बसल्यावर ते कुणी उचलत नाही आणि पुढचा अपघात त्या दगडांवरच होतो.

धोका विजेचा असेल तर राखण फक्त दुरून करायची. तुटलेल्या तारेपासून निदान दहा मीटर लांब राहा आणि साचलेल्या पाण्यात पाऊल टाकू नका. कुणी चिकटलं असेल तर प्रवाह बंद होईपर्यंत त्याला हात लावू नका. काठीने, चपलेने सोडवण्याच्या प्रयत्नात दुसरा बळी जातो. महावितरणचा क्रमांक १९१२, आग आणि सुटकेसाठी १०१, पोलीस किंवा कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. मुंबईत महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष १९१६ वर मिळतो. इतर शहरांच्या नियंत्रण कक्षाचे क्रमांक वेगवेगळे असतात. ते आजच शोधून फोनमध्ये साठवून ठेवा, पावसात शोधायला वेळ मिळत नाही.

फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं पद लगेच लिहून ठेवा. मग तीन फोटो काढा. एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी, खांब किंवा फाटक दिसेल. दुसरा मधल्या अंतरावरून. तिसरा जवळून, शेजारी फूटपट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे खोली-रुंदीचा अंदाज येतो. फक्त जवळचा फोटो असला की तो कुठल्याही रस्त्यावरचा असू शकतो, आणि पाहणीला आलेला माणूस ‘जागा आढळली नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करतो.

वस्तू कोणाची?

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून अर्जाआधीच हे शोधून घ्यावं. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. त्याच गावातला एक रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, दुसरा जिल्हा परिषदेचा आणि तिसरा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो. मैलाच्या दगडाचा वरचा रंग ही सोपी खूण आहे: पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, नारिंगी ग्रामीण रस्ता. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यालगत फलक असतो. त्यावर कंत्राटदार आणि काम पूर्ण झाल्याची तारीख दिलेली असते. त्या रस्त्याची पुढची पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराच्याच गळ्यात असते, त्यामुळे पाच वर्षांच्या आतल्या खड्ड्यासाठी ग्रामपंचायतीच्या पैशाची वाट पाहायची गरज नाही.

चेंबरच्या बाबतीत झाकणावर ओतलेली अक्षरं वाचा. मलनिस्सारण, पावसाळी गटार, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह, टेलिफोन आणि खासगी केबल कंपनी यांची चेंबरं एकाच पदपथावर शेजारी-शेजारी असतात. झाकणच गेलं असेल तर जवळच्या त्याच ओळीतलं शाबूत झाकण पाहा.

पथदिव्यांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. दिवा आणि त्याचं बिल ग्रामपंचायतीचं किंवा पालिकेचं असतं, पण खांब आणि वरची तार बहुतेक वेळा महावितरणची असते. एकच दिवा बंद असेल तर दोष दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे आणि ते काम स्थानिक संस्थेचं. ओळीने सगळे बंद असतील तर केबल, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीज वाटणारी पेटी), टायमर किंवा थकलेलं बिल यांपैकी काहीतरी आहे. खेड्यांत थकबाकीमुळे पथदिव्यांची जोडणी तोडली जाते आणि लोक महिनाभर ‘बल्ब बदला’ म्हणून अर्ज करत राहतात. आधी ग्रामपंचायतीत बिल भरलं आहे का ते विचारा.

मालक ठरत नसेल तर? तरीही थांबू नका. एकच अर्ज दोन्ही कार्यालयांना द्या, दोघांच्या नावाने, आणि त्यात स्पष्ट लिहा की मालकी आपसात ठरेपर्यंत जागा सुरक्षित करण्याचं काम स्थानिक संस्थेने करावं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की उत्तर बरेचदा बदलतं.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात एकच जागा असावी. दहा समस्यांची यादी एका कागदावर दिली की तो कागद दहा टेबलांचा होतो, म्हणजे कुणाचाच राहत नाही. साचा असा ठेवता येईल:

*प्रति, मा. सहायक आयुक्त, प्रभाग कार्यालय. प्रत: कार्यकारी अभियंता, मलनिस्सारण.*

*विषय: शाळेसमोरील चेंबरचे झाकण नसल्याने जिवाला असलेला धोका.*

*महोदय, शाळेच्या मुख्य फाटकापासून बसथांब्याकडे जाताना २२ पावलांवर, पथदिवा खांब क्र. ४७ च्या पायथ्याशी, पदपथावरील चेंबरचे झाकण दिनांक … पासून नाही. चेंबर सुमारे दोन फूट रुंद असून आत पाणी दिसते. शाळा सुटताना मुले याच पदपथाने जातात. दूरध्वनीवरील तक्रार क्र. …, दिनांक व वेळ …. सोबत तीन छायाचित्रे.*

*विनंती: (१) आजच चारही बाजूंनी बॅरिकेड व रात्रीसाठी दिवा लावावा. (२) वार्षिक दुरुस्ती कंत्राटातून योग्य भारक्षमतेचे झाकण बसवावे व त्याची तारीख लेखी कळवावी.*

मागण्या दोन आणि दोन्ही वेगळ्या, हे इथे सांभाळलं आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर अर्ज संपवू नका, त्यातून काहीच मागितलं जात नाही. खालपासून वरपर्यंत सगळे कसे बेजबाबदार आहेत यावर परिच्छेद लिहूनही उपयोग नाही. वाचणारा आधी तोच वाचतो आणि जागा शोधायची राहून जाते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. हा आवक क्रमांक पुढच्या सगळ्या पायऱ्यांची किल्ली आहे. धोका संस्थेला कधीपासून माहीत होता याचा तो पुरावा ठरतो. उद्या तिथे कुणी जखमी झालं तर सारा वाद याच तारखेभोवती फिरतो. मोबाइल अॅपवरची तक्रार वेगाने पोचते, पण ती एका टिचकीत ‘निराकरण झाले’ म्हणून बंदही होते. म्हणून अॅप आणि कागद दोन्ही वापरा.

कागद आत गेल्यावर

आवक लिपिकाकडून अर्ज विभागाकडे जातो आणि तिथून कनिष्ठ अभियंत्याकडे. तो स्थळपाहणी करतो. काम मोठं असेल तर दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या त्या कामाच्या खात्यात) निधी आहे का याची खात्री, निविदा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश. या साखळीला काही महिने सहज लागतात. पण चेंबरची झाकणं, खड्डे, दिवे यांसाठी बहुतेक महापालिका वर्षभराचं दुरुस्ती कंत्राट आधीच देऊन ठेवतात. त्यात अभियंत्याने कंत्राटदाराला जागा दाखवली की काम होतं. म्हणून भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा: ‘साहेब, हे वार्षिक कंत्राटात बसतं का?’ बसत असेल तर ‘निधी नाही’ या उत्तराला अर्थ उरत नाही.

खरोखर आणीबाणी असेल तर मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम ६७(३)(सी) आयुक्तांना मानवी जीवाला धोका असताना तत्काळ कारवाईचा अधिकार देतं. नगरपरिषदेत १९६५ च्या अधिनियमाचं कलम ५८(२) अध्यक्षांना असाच अधिकार देतं. खचलेला नाल्याचा काठ किंवा कोसळू लागलेली संरक्षक भिंत असेल तर अर्जात या कलमाचा उल्लेख करा. साध्या खड्ड्यासाठी मात्र नको, वजन जातं.

‘आचारसंहिता आहे’ हेही नेहमी ऐकू येतं. आचारसंहितेत नव्या कामांच्या घोषणा आणि निविदा थांबतात. सुरू असलेली देखभाल आणि आपत्तीतली कामं थांबत नाहीत.

चेंबरचं झाकण

२९ ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात मुंबईत रस्त्यावर पाणी साचलेलं असताना एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाण्याखाली झाकण आहे की नाही हे वरून दिसत नाही, यातच सगळी भीती आहे. तुंबलेलं पाणी उतरावं म्हणून कुणीही स्वतः झाकण काढू नये, आणि काढलेलं दिसलं तर तिथे माणूस उभा केल्याशिवाय हलू नये. मुख्य रस्त्यावरच्या खोल मॅनहोलना झाकणाखाली लोखंडी सुरक्षा जाळी बसवून मिळते. जिथे पाणी साचतं तिथे पावसाळ्याआधीच तिची मागणी करा.

झाकणं पुन्हा पुन्हा का तुटतात? काँक्रीटच्या झाकणांसाठी आय एस १२५९२ हे भारतीय मानक आहे आणि त्यात चार वर्ग आहेत: एल डी २.५, एम डी १०, एच डी २० आणि ई एच डी ३५. आकडे टनांतल्या चाचणी-भाराचे आहेत. वाहन जाऊच शकत नाही अशा जागी पहिला वर्ग चालतो. रहदारीच्या रस्त्यावर एच डी २० किंवा त्याहून वरचा हवा. वर्ग झाकणावर कोरलेला असतो. पदपथाचं झाकण रस्त्यावर बसवलं तर पाण्याचा टँकर गेला की ते फुटतं, आणि मग ‘लोकांनीच तोडलं’ असं म्हटलं जातं. दुसरं कारण चौकटीचं. झाकण नवं असतं, पण चौकट खचलेली किंवा वाकडी असते. वाहन गेल्यावर झाकण खडखडत असेल तर ते चौकटीवर चारही बाजूंनी टेकलेलं नाही असं समजा. काही आठवड्यांत ते निसटतं किंवा मधोमध तडकतं. अशा वेळी नुसतं झाकण नको, ‘चौकटीसह पुनर्बांधणी’ असे शब्द अर्जात लिहा. तिसरं कारण डांबरीकरण. रस्त्यावर नवा थर चढतो, चेंबर खालीच राहतं आणि तयार होतो गोल खड्डा. रस्त्याचं काम चालू असतानाच चेंबर उचलून घेण्याची मागणी करावी, नंतर ते वेगळं काम होतं.

आणखी एक, कळकळीने. चेंबर तुंबलं की ‘माणूस उतरवा आणि साफ करा’ असा आग्रह धरू नका. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. आत मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. जेटिंग आणि सक्शन यंत्र (पाण्याच्या जोरदार झोताने गाळ सोडवून तो ओढून घेणारं) मागा. यंत्र दोन दिवसांनी येणार असेल तर दोन दिवस थांबा. आतला वायू क्षणात जीव घेतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही परत येत नाही.

खांब, विहीर, झाड

पथदिव्याच्या खांबाच्या बुडाशी एक लहान पेटी असते. तिचं झाकण जातं, आतले जोड उघडे पडतात, जमिनीत उतरणारी अर्थिंगची तार कापली जाते, आणि पावसात अख्ख्या खांबात वीज उतरते. पावसाआधी आपल्या गल्लीतले खांब एकदा डोळ्यांनी तपासा, हात न लावता. पेटी बंद आहे का, अर्थिंगची तार जमिनीपर्यंत सलग आहे का, बूड गंजून पातळ झालंय का, खांबाला जाहिरातीचा फलक तारेने बांधलाय का. तक्रारीत खांब क्रमांक द्या. विजेचा अपघात झालाच तर विद्युत निरीक्षकांना कळवणं वितरण कंपनीला बंधनकारक असतं. त्यांच्या चौकशीचा अहवाल भरपाईच्या कामी येतो, म्हणून चौकशी होईपर्यंत खांब आणि तारा हलवू देऊ नका.

कोरड्या पडलेल्या बोअरवेलबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश अगदी मापासकट आहेत. खोदकामाआधी १५ दिवस संबंधित अधिकाऱ्यांना कळवायचं, खोदताना भोवती काटेरी कुंपण आणि फलक लावायचा. नळीभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा काँक्रीटचा ओटा करायचा, त्यातला निम्मा जमिनीवर आणि निम्मा खाली. तोंडावर पोलादी झाकण वेल्डिंगने किंवा नट-बोल्टने घट्ट बसवायचं. सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगड-गोट्यांनी तळापासून वरपर्यंत भरायची. गोणपाट आणि दगड ठेवून बोअर ‘बंद’ केली असं म्हणणारे पुष्कळ आहेत. गोणपाट एका पावसाळ्यात कुजतं. शेत खासगी असलं तरी ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि प्रत तहसीलदारांना पाठवा.

झाडाबाबत शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतन अधिनियम लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, छाटणीही परवानगीनेच. ‘धोकादायक झाड तोडा’ असं लिहिण्याऐवजी दिसतं ते लिहा: बुंध्याशी पोकळी आहे, एका बाजूची मुळं उघडी पडली आहेत, खोडावर अळंबी उगवली आहेत, झुकाव गेल्या महिन्यात वाढला आहे. पुष्कळ झाडं योग्य छाटणीने आणि बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडल्याने वाचतात. पडणारी झाडं बरेचदा तीच, ज्यांची मुळं रस्ता-गटाराच्या खोदकामात कापली गेली होती. खोदकाम चालू असतानाच उद्यान विभागाला कळवणं हा खरा उपाय.

बागेतल्या खेळण्यांसाठी पालकांनी एक साधी तपासणी करावी. झोपाळ्याच्या साखळीची वरची कडी झिजून निम्मी झालेली असेल तर झोपाळा त्याच दिवशी बांधून ठेवायला सांगा. गजांमधलं अंतर साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. घसरगुंडीखाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असणं चूक आहे, तिथे वाळूचा जाड थर हवा.

मोडकळीला आलेली इमारत

इथे घाई आणि ढिलाई दोन्ही महागात पडतात. खांब-तुळयांच्या सांध्यावरची तिरकी भेग, प्लास्टर फुगून मागे दिसणारा गंजाचा तांबडा डाग, उघड्या पडलेल्या सळ्या, आणि नीट लागणारं दार अचानक अडकू लागणं ही गंभीर लक्षणं. भेग वाढते आहे का हे पाहायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ लेप लावा. लेप तडकला म्हणजे भेग जिवंत आहे. दोन-चार दिवसांत तडकला तर त्याच दिवशी खोली रिकामी करा, अहवालाची वाट पाहू नका.

महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून प्रमाणपत्र देणं वर सांगितलेल्या १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६५(ए) नुसार मालकाची किंवा संस्थेची जबाबदारी आहे. पडायला आलेल्या इमारतीवर पालिका कलम २६४ ची नोटीस देते, नगरपरिषदेत कलम १९५ ची. परीक्षणानंतर वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालक आणि भाडेकरूंचे अहवाल परस्परविरुद्ध आले तर मुंबईत ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. अहवालात नुसती डोळ्यांची पाहणी असेल तर तो कच्चा समजा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कार्बोनेशन आणि कोअर या काँक्रीटच्या चाचण्यांचे आकडे, कुठल्या खांबावर कुठली चाचणी केली त्या नकाशासकट, असायला हवेत.

भाडेकरू घर सोडत नाहीत ते हक्क जाईल या भीतीने. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी माणसं दगावतात. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. घर सोडण्याआधी पालिकेकडून ताब्यातल्या जागेच्या मोजमापाची नोंद आणि भोगवटाधारकांची यादी लेखी घ्या. वीजबिल, भाडेपावती आणि मोजमापाची प्रत एका पिशवीत घालून सोबत न्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली धोकादायक असेल तर वापरातला शब्द ‘निर्लेखन’, म्हणजे खोली निकामी ठरवून नोंदीतून काढणं. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय खोली पाडता येत नाही आणि त्यात बराच काळ जातो. तोवर मुलं त्याच खोलीत बसलेली चालणार नाहीत. खोली बंद केल्याचा लेखी आदेश, दाराला कुलूप आणि भिंतीपासून पुरेसं लांब कुंपण, हे आजचं काम म्हणून वेगळं मागा. मधल्या सुट्टीत मुलं त्याच भिंतीच्या सावलीत बसतात.

ग्रामपंचायतीत

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, नेहमीच्या सभेची सूचना सात दिवस आधी निघते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. विषय आधीच लेखी द्या आणि सभेनंतर इतिवृत्तात ठराव कोणत्या शब्दांत लिहिला गेला ते तपासा. ‘चर्चा झाली’ आणि ‘ठराव मंजूर’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लहान खर्च ग्रामनिधीतून, मासिक सभेच्या ठरावाने होतो. मोठं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावं लागतं. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरता येतो. विहिरीचा कठडा किंवा पथदिवे मागताना अबंधित भागाकडे बोट दाखवा.

उत्तरच आलं नाही तर

सात-आठ दिवसांनी त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या, या वेळी एक पायरी वर: सहायक आयुक्तांऐवजी उपायुक्त, ग्रामपंचायतीऐवजी गटविकास अधिकारी. मग माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘काम का केले नाही?’ असं विचारू नका, कायद्याखाली दस्तऐवज मिळतात, खुलासे नाहीत. मागायचं असं: ‘आवक क्र. … वरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती, स्थळपाहणी अहवाल, सदर जागेसाठी लागू दुरुस्ती कंत्राटाचा कार्यादेश.’ ३० दिवसांत उत्तर नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, पुढे ९० दिवसांत दुसरं. लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस, हाही रस्ता आहे. तालुक्यात तिसरा सोमवार, जिल्ह्यात आणि महापालिकेत पहिला, अर्ज १५ दिवस आधी.

तातडीचा आणि कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, पडायला आलेली इमारत किंवा झाड, रस्त्यालगतची कुंपण नसलेली विहीर किंवा खोदकाम याबाबत ते सशर्त आदेश काढू शकतात. याच कलमावरच्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे नसल्याची सबब नगरपालिकेला पुढे करता येणार नाही, असं बजावलं.

अपघात झालाच असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा निकाल माहीत हवा. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, दुखापतीच्या गांभीर्यानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई, आणि निदर्शनास आणलेला खड्डा ४८ तासांत हाताळण्याची सक्ती. दावा आयुक्त किंवा मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे जातो. पोलीस नोंद, रुग्णालयाची कागदपत्रं, जागेचे फोटो आणि जुन्या तक्रारीचा आवक क्रमांक एकत्र ठेवा. महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा असेल तर १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत चुकवू नका.

काम झाल्यावर

‘पूर्ण’ असा संदेश आला की जागेवर जा. खड्ड्याच्या कडा चौकोनी, सरळ कापलेल्या आहेत का? आतली धूळ-पाणी काढून डांबराचा पातळ थर मारून मग खडी-डांबर भरून दाबलं असेल तर ते टिकेल. मुरूम किंवा राडारोडा टाकला असेल तर पुढच्या सरीत वाहून जाईल. नवा गतिरोधक गोलाकार असेल तर त्याची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. बोटभर रुंदीचा उंच कडा म्हणजे मणक्यावर घाव. झाकणावर पाय देऊन चारही कोपरे दाबून पाहा आणि कोरलेला वर्ग वाचा. नव्या दिव्याखाली रात्री जा. खोदकामानंतरचा राडारोडा उचलला की नाही ते पाहा, कारण बिल निघालं की तो तिथेच राहतो.

काही कमी असेल तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा आणि दोषदायित्व कालावधी किती आहे ते विचारा. त्या काळात तुटलेलं काम कंत्राटदाराने स्वखर्चाने करायचं असतं. कार्यादेशावर ती मुदत छापलेली असते. ती तारीख गल्लीतल्या फलकावर लिहून ठेवा.